निकाल ज्युरीचा, चूक न्यायाधीशांची

वाचकांचे प्रश्न, वकिलांची उत्तरे

प्रश्न : मी आर्वी तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षक असून सध्या कायद्याच्या पहिल्या वर्षाचा अभ्यासही करीत आहे. इंग्लंडमधील खुनाचे जुने निकाल वाचताना एक गोष्ट खटकते. वरच्या न्यायालयात आरोपीचा वकील ‘माझ्या अशिलाने खून केला नाही’ असे सांगण्याऐवजी ‘न्यायाधीशांनी ज्युरीला चुकीचे निर्देश दिले’ असेच सांगताना दिसतो आणि तेवढ्यावर शिक्षा रद्द होते. पुरावा बाजूला ठेवून न्यायाधीशांचे भाषण तपासण्याचा हा प्रकार काय आहे? ही तांत्रिक पळवाट नव्हे काय?

उत्तर : आपला प्रश्न मोलाचा आहे, म्हणून त्याला जरा जागा देतो. ज्युरी म्हणजे निकाल देण्यासाठी निवडलेले सामान्य नागरिक, आणि ज्युरीच्या खटल्यात कामाची वाटणी ठरलेली असते. कायदा काय आहे ते न्यायाधीश सांगतात आणि घटना कशी घडली ते ज्युरी ठरवते. साक्षीपुरावा आणि दोन्ही बाजूंची भाषणे संपली की न्यायाधीश ज्युरीला उद्देशून समारोपाचे निवेदन करतात. खून कशाला म्हणावे, काय सिद्ध झाले पाहिजे, ते कोणी सिद्ध करायचे आणि शंका राहिली तर काय करायचे, हे सारे त्यात येते. त्यानंतर ज्युरी बंद खोलीत जाते आणि ‘दोषी’ किंवा ‘निर्दोष’ एवढेच सांगून बाहेर येते. कारणे ती देत नाही आणि तिला कोणी विचारतही नाही. आता अपील करणाऱ्याने बोट कशावर ठेवायचे? पेरलेले उगवले नाही की आपला शेतकरी मातीत उकरत बसत नाही, तो बियाण्याच्या पिशवीवरचा टॅग आणि लॉट नंबर काढून पाहतो, कारण तपासता येण्याजोगे तेवढेच हातात उरलेले असते. ज्युरीच्या निकालात असा टॅग म्हणजे न्यायाधीशांचे निवेदन, कारण खटल्यातील तेवढाच निर्णायक भाग शब्दशः नोंदलेला असतो.

ही पळवाट नाही हे पटण्यासाठी १९३५ च्या वूलमिंग्टन खटल्याकडे पाहावे. रेजिनाल्ड वूलमिंग्टन हा डॉर्सेट परगण्यातील एकवीस वर्षांचा शेतमजूर होता. ऑगस्ट १९३४ मध्ये त्याचे लग्न झाले, ऑक्टोबरमध्ये मूल झाले आणि नोव्हेंबरमध्ये बायको रुसून आईकडे गेली. १० डिसेंबरला त्याने मालकाची जुनी बंदूक घेतली, तिची नळी कापून आखूड केली आणि कोटाखाली लपवून सासुरवाडी गाठली. बंदूक सुटली आणि बायको जागीच मरण पावली. त्याचे म्हणणे असे की, तू आली नाहीस तर मी स्वतःला गोळी घालून घेईन असे धमकावण्यासाठी बंदूक दाखवीत असताना ती अपघाताने उडाली. ही कथा खरी मानावी की खोटी, यावर माणसांचे एकमत होणे कठीण होते आणि तसे ते झालेही नाही. पहिल्या खटल्यात ज्युरीचे एकमत न झाल्याने खटला ब्रिस्टलला नव्याने चालला.

दुसऱ्या खटल्यात न्यायाधीश स्विफ्ट यांनी ज्युरीला सांगितले की, बाई आरोपीच्या हातून मेली एवढे सरकार पक्षाने दाखवले की तो खूनच धरला जाईल, आणि तो खून नसून अपघात होता हे पटवून देणे आरोपीचे काम आहे. ज्युरीने साधारण तासाभरात त्याला दोषी ठरवले आणि फाशीची शिक्षा झाली. फौजदारी अपील न्यायालयाने हस्तक्षेप करण्यास नकार दिला, पण तेव्हा इंग्लंडचे सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या लॉर्ड्स सभागृहाने १९३५ मध्येच शिक्षा रद्द केली. लॉर्ड सँकी यांच्या निकालाचा आशय असा की, आरोपीचा गुन्हा सिद्ध करण्याचे ओझे सरकार पक्षावरच असते, आणि सगळा पुरावा पाहिल्यावर, मग तो कोणत्याही बाजूने आलेला असो, हेतूबद्दल वाजवी शंका राहिली तर आरोपीला सुटण्याचा हक्क आहे. इंग्रजी फौजदारी कायद्याच्या विणीतून आरपार गेलेला सोन्याचा धागा अशी त्यांनी या तत्त्वाला दिलेली उपमा आजही वकिलांच्या तोंडी असते.

येथे नेमके काय घडले ते लक्षात घ्यावे. वूलमिंग्टन निष्पाप आहे असे लॉर्ड्सनी म्हटले नाही. त्यांनी एवढेच म्हटले की, बारा माणसांना तराजू दिला खरा, पण त्याची दांडी आधीच एका बाजूला झुकवून दिली होती, आणि सरळ दांडीच्या तराजूत त्यांनी काय तोलले असते हे आता कोणालाच सांगता येणार नाही. पहिल्या ज्युरीचे एकमत झाले नव्हते हे आठवले म्हणजे ही शंका कल्पनेतली नव्हती हेही उमगते.

अर्थात निर्देशातील प्रत्येक चुकीने शिक्षा रद्द होत नाही. १९०७ च्या इंग्लिश फौजदारी अपील कायद्यातच असे बजावले होते की, चूक झाली असली तरी न्यायाची खरोखर हानी झाली नसेल तर अपील फेटाळता येते. उलट बाजूचे उदाहरण डेरेक बेंटलीचे. १९५२ मध्ये क्रॉयडन येथे बेंटलीच्या सोळा वर्षांच्या साथीदाराने गोळी झाडून एका पोलिसाला ठार केले. बेंटली एकोणीस वर्षांचा असल्याने २८ जानेवारी १९५३ रोजी त्याला फाशी झाली, साथीदार वयामुळे वाचला. खटल्याचे न्यायाधीश लॉर्ड गोडार्ड यांचे ज्युरीपुढील निवेदन इतके एकतर्फी होते की बेंटलीला न्याय्य सुनावणीच मिळाली नाही, असे अपील न्यायालयाने म्हटले, पण ते ३० जुलै १९९८ रोजी. फाशीनंतर पंचेचाळीस वर्षांनी मिळालेल्या या निकालाला पळवाट म्हणण्याचे धाडस निदान माझ्याने होत नाही.

प्रश्न : आमचे आजोबा दारव्ह्याचे मालगुजार नव्हते, साधे शेतकरी होते, पण इंग्रजांच्या काळात सेशन कोर्टात ‘असेसर’ म्हणून त्यांना बोलावणे येत असे, असे घरात सांगतात. म्हणजे ते ज्युरीत होते काय? आणि नानावटीला ज्युरीने सोडले म्हणून सरकारने ज्युरीच बंद केली, ही पारावरची गोष्ट खरी आहे काय?

उत्तर : आपले आजोबा ज्युरीत नव्हते. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार सत्र न्यायालयातील खटला एकतर ज्युरीसमोर चाले किंवा असेसरांच्या मदतीने. सरकारने अधिसूचना काढून ज्या जिल्ह्यांत आणि ज्या गुन्ह्यांसाठी ज्युरी लागू केली असेल तेथेच ती असे, इतरत्र असेसर. फरक मोठा होता. असेसर आपले मत तोंडी सांगत, न्यायाधीश ते नोंदवून घेत आणि पटले नाही तर बाजूला ठेवत. त्यामुळे असेसरांसमोर चाललेल्या खटल्याचे अपील वस्तुस्थितीच्या मुद्द्यावरही करता येत असे, आणि ज्युरीच्या खटल्यात, काही अपवाद सोडता, केवळ कायद्याच्या मुद्द्यावर. ज्युरीचा निकाल फिरवायचा तर न्यायाधीशांच्या चुकीच्या निर्देशामुळे किंवा त्यांनी सांगितलेला कायदा ज्युरीला नीट न उमगल्यामुळे निकाल चुकला, असे दाखवावे लागे. असेसरांची पद्धत १९५५ च्या दुरुस्तीने गेली. आजोबांना आलेला समन्सचा कागद घरात जपलेला असेल तर तो टाकू नये, असे कागद आता दुर्मीळ झाले आहेत.

नानावटी प्रकरणाची गोष्ट पारावर अर्धीच सांगितली जाते. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलाचे अधिकारी कावस नानावटी यांनी प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. पत्नीने आहुजांशी असलेल्या संबंधांची कबुली दिल्यावर नानावटी यांनी तिला व मुलांना सिनेमागृहात सोडले, जहाजावर जाऊन खोटे कारण सांगून रिव्हॉल्व्हर व काडतुसे घेतली आणि मग ते आहुजांच्या घरी गेले. झटापटीत गोळ्या सुटल्या असा त्यांचा बचाव होता. ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना हा निकाल कोणताही समंजस माणूस देणार नाही असा वाटला, म्हणून संहितेच्या कलम ३०७ प्रमाणे त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले.

गंमत अशी की, ज्या न्यायाधीशांनी ज्युरीवर अविश्वास दाखवला त्यांचेच निर्देश उच्च न्यायालयात चुकीचे ठरले. अपघाताचा बचाव घेतला असेल तर त्या अपवादाच्या अटी पूर्ण होतात हे दाखवण्याचे ओझे तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम १०५ प्रमाणे आरोपीवर असे, हे ज्युरीला नीट सांगितले गेले नव्हते. तसेच गंभीर आणि अचानक प्रक्षोभ कशाला म्हणतात, याचा कायदाही पुरेसा समजावला गेला नव्हता. उच्च न्यायालयाने स्वतः पुरावा तपासून मार्च १९६० मध्ये खुनाबद्दल जन्मठेप दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ती कायम केली. पत्नीची कबुली आणि गोळीबार यांच्यात सुमारे तीन तास गेले होते, तेवढ्यात डोके थंड व्हायला पुरेसा अवधी होता, असे न्या. सुब्बाराव यांनी लिहिलेल्या निकालात आहे.

म्हणजे वूलमिंग्टनमध्ये चुकीच्या निर्देशाचा फटका आरोपीला बसला होता आणि नानावटीत फायदा. दोन्ही वेळा वाद एकाच ओझ्याचा होता. वूलमिंग्टनचा दाखला नानावटीतही दिला गेला होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने आपल्या कायद्याची वाट काळजीपूर्वक आखून दिली : अपवाद सिद्ध करणे आरोपीकडे, मात्र तो सिद्ध झाला नाही तरी त्याच पुराव्यामुळे हेतूबद्दल वाजवी शंका उरत असेल, तर खून सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही.

ज्युरी नानावटीमुळे बंद झाली, हे खरे नाही. विधि आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात १९५८ मध्येच, म्हणजे गोळीबाराच्या आधीच, ज्युरी नको अशी शिफारस केली होती, आणि कायद्याच्या पुस्तकातून ती गेली १ एप्रिल १९७४ रोजी, नवी संहिता लागू झाली तेव्हा.

प्रश्न : पुसद तालुक्यातील आमच्या गावात २०२१ च्या पेरणीच्या दिवसांत धुऱ्यावरून भांडण झाले. माझ्या काकांनी बंडीची उभारी एकदाच मारली, ती डोक्यात बसली आणि समोरचा माणूस दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मरण पावला. सहा जणांवर खटला झाला. दोघे तेथे होते की नाही याची शंका म्हणून सुटले. काका, माझा भाऊ आणि आणखी दोघे अशा चौघांना जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ (खून) व १४९ खाली जन्मठेप झाली आहे. भावाने कोणाला हातही लावला नाही. त्याच्या सदऱ्यावर रक्त होते असे निकालात लिहिले आहे, पण त्याला कोर्टाने ते कधी विचारले नाही. निकालाला चाळीस दिवस झाले. आपल्याकडे ज्युरी नाही, मग ‘चुकीचे निर्देश’ हा मुद्दा आम्हाला घेता येईल काय?

उत्तर : मुदतीचे मी आपणास पत्राने आधीच कळवले आहे, पण इतर वाचकांसाठी पुन्हा सांगतो. सत्र न्यायालयाच्या जन्मठेपेविरुद्ध उच्च न्यायालयात, विदर्भापुरते म्हणजे नागपूर खंडपीठात, साठ दिवसांत अपील करावे लागते. निकालाची प्रत आरोपीला मोफत मिळते. तुरुंगात असलेल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला काढण्याची धावपळ करू नये. तुरुंग अधिकाऱ्यामार्फतही अपील पाठवता येते. वावर विकून वकील लावण्याआधी हे माहीत असावे.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे न्यायाधीश स्वतःच ज्युरी असतात, म्हणून ते जे निर्देश ज्युरीला देतील तेच त्यांना स्वतःला द्यावे लागतात, आणि ते निकालपत्रात कारणांच्या रूपाने लिहावे लागतात. चुकीचे निर्देश आपल्याकडून नाहीसे झालेले नाहीत. ते निकालपत्राच्या परिच्छेदांत जाऊन बसले आहेत आणि तेथे ते वाचता येतात, ही आपली जमेची बाजू. शिवाय आपले उच्च न्यायालय सगळा पुरावा नव्याने तपासू शकते, त्यामुळे अपील केवळ न्यायाधीशांच्या शब्दांवर टांगलेले राहत नाही.

आपण पाठवलेले निकालपत्र मी वाचले. त्यातील पहिला दोष मोजणीचा आहे. जमावातील एकाच्या गुन्ह्यासाठी सर्वांना जबाबदार धरणारे कलम १४९ लागू होण्यासाठी पाच किंवा अधिक माणसांचा बेकायदेशीर जमाव लागतो. नाव घेऊन सहा जणांवर आरोप ठेवला, त्यांतील दोघे सुटले आणि आणखी कोणी अनोळखी माणसे होती असे न्यायालयाने म्हटलेले नाही, तर चौघांचा जमाव होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये मोहन सिंग प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. मात्र एवढ्यावर हुरळून जाऊ नये, कारण त्याच प्रकरणात न्यायालयाने कलम १४९ ऐवजी कलम ३४ लावून शिक्षा टिकवली होती. सरकारी वकील आपल्या अपिलातही हेच सुचवतील.

म्हणून खरी लढाई कलम ३४ च्या ‘समान उद्देशा’वर होईल. १९४५ चा महबूब शाह निकाल आपल्या वकिलांनी मुखोद्गत ठेवावा, कारण ते भांडण आपल्या धुऱ्याच्या भांडणाचेच भावंड आहे. सिंधू नदीच्या काठी काही माणसे बोरू कापून नावेने परत निघाली असता जमीनमालकाच्या पुतण्याने त्यांना अडवले, काठ्या चालल्या, आरडाओरड झाली आणि दोघे बंदुका घेऊन धावले. एकाच्या गोळीने माणूस मेला. दुसऱ्याने वेगळ्याच माणसावर गोळी झाडली होती, तरी त्यालाही खुनाबद्दल फाशी सुनावली गेली. इंग्रजांच्या काळात आपले शेवटचे अपील जेथे जाई त्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ती रद्द केली. सारखाच उद्देश दोघांच्या मनात असणे आणि दोघांनी मिळून ठरवलेला एकच उद्देश असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि धावून जाण्यामागे नातेवाइकाला सोडवण्यापलीकडे काही ठरले होते असे दिसत नाही, असे कौन्सिलचे म्हणणे होते. आपल्या भावाबद्दल निकालपत्रात ‘तो आरोपी क्रमांक एकसोबत होता’ एवढेच वाक्य आहे. सोबत असणे म्हणजे ठरवून असणे नव्हे.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०१६ मधील जोगी निकाल कोणी आपल्याला दाखवला तर तो जपून वापरावा. साथीदार खून करू शकेल याची केवळ कल्पना असणे पुरेसे आहे, असे तेथील ज्युरींना १९८४ पासून सांगितले जात होते, ते चुकीचे होते असे त्या न्यायालयाने मान्य केले. खुनाला साथ देण्याचा उद्देश हवा, कल्पना असणे हा त्या उद्देशाचा फक्त पुरावा होऊ शकतो. कलम ३४ च्या युक्तिवादाला हे पोषक आहे. पण आपल्या कलम १४९ मध्येच ‘असा गुन्हा घडण्याचा संभव आहे हे माहीत होते’ एवढे पुरेसे धरले आहे. तो आपल्या विधिमंडळाचा शब्द आहे, लंडनच्या निकालाने तो पुसला जात नाही.

सदऱ्यावरील रक्ताचा मुद्दा चांगला आहे. जी परिस्थिती आरोपीविरुद्ध वापरायची ती त्याला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ च्या जबाबात विचारून खुलाशाची संधी द्यावी लागते. शिवाजी बोबडे (१९७३) आणि शरद सारडा (१९८४) या महाराष्ट्रातल्याच दोन प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने हे ठासून सांगितले आहे. न विचारलेली परिस्थिती बाजूला ठेवावी लागते. अलीकडे मात्र न्यायालये ‘न विचारल्याने तुमचे नुकसान काय झाले?’ असे विचारतात, तेव्हा जखमीला उचलून बंडीत घालणाऱ्यांत भाऊ होता, हे जे आपण पत्रात लिहिले आहे, ते साक्षीदारांच्या उलटतपासात कोठे आले आहे का, ते शोधून ठेवावे.

काकांचे प्रकरण वेगळे. एकच घाव होता म्हणून खून होत नाही, असा समज आपल्याकडे पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. नागपूर उच्च न्यायालयाचे एके काळचे मुख्य न्यायाधीश विव्हियन बोस यांनीच सर्वोच्च न्यायालयात १९५८ मध्ये विरसा सिंग प्रकरणात, पोटात भाल्याच्या एकाच वाराने झालेला मृत्यू खून ठरवला. ती विशिष्ट जखम करण्याचा इरादा होता काय आणि ती जखम सामान्यतः मृत्यू आणण्याइतकी होती काय, असे दोन वेगळे प्रश्न त्यांनी घालून दिले. आपल्या निकालपत्रात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांच्या साक्षीवरून दिले आहे, पहिला प्रश्न विचारलेलाच नाही. पूर्वतयारी नसताना, अचानक उसळलेल्या भांडणात, हाताशी असलेली उभारी उचलली असेल तर कलम ३०० चा चौथा अपवादही तपासायला हवा होता. तो मान्य झाला तर गुन्हा कलम ३०४ मध्ये, म्हणजे खून न ठरणाऱ्या सदोष मनुष्यवधात, येतो आणि शिक्षा घटते. पूर्ण सुटकेची आशा काकांबाबत मी दाखवणार नाही.

प्रश्न : मूल तालुक्यातील वाचक. माझ्या धाकट्या भावाला मारणाऱ्याला सत्र न्यायालयाने खुनाऐवजी कलम ३०४ च्या दुसऱ्या भागाखाली पाच वर्षे दिली. आपल्या सदरात नेहमी आरोपीच्या अपिलाचे लिहिता. मेलेल्याच्या घरच्यांनी काय करायचे?

उत्तर : आपला टोमणा मी मान्य करतो. २००९ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७२ च्या परंतुकाने पीडिताला, आणि तो हयात नसेल तर त्याच्या वारसाला, स्वतःचे अपील मिळाले आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ते आहे. आरोपी सुटला, किंवा त्याला कमी गंभीर गुन्ह्याखाली दोषी धरले, किंवा भरपाई अपुरी दिली, या तीन कारणांसाठी ते करता येते. आपले प्रकरण दुसऱ्यात बसते. केवळ शिक्षेची वर्षे कमी वाटतात म्हणून मात्र पीडिताला अपील नाही, ते सरकारने करायचे असते. पीडिताला अपिलासाठी न्यायालयाची आधी परवानगी घ्यावी लागत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये दिला आहे.

अपिलात मुद्दा तोच घ्यायचा जो मी वरच्या उत्तरात आरोपीसाठी सांगितला, फक्त उलट्या बाजूने. अचानक भांडणाचा अपवाद दाखवण्याचे ओझे आरोपीवर होते. न्यायाधीशांनी ते त्याच्यावर ठेवले की सरकार पक्षावर टाकले, आणि आरोपीने वार करताना गैरफायदा घेतला नाही व क्रूरपणा केला नाही, ही त्या अपवादाची अट तपासली की नाही, ते निकालपत्राच्या शेवटच्या दहा-बारा पानांत सापडेल. शवविच्छेदनाच्या अहवालात जखमा किती आणि कोठे आहेत, हे त्या पानांशी ताडून पाहावे. दोन्ही कागद घेऊन चंद्रपूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे, आणि निकालाची तारीख पत्रात लिहायची राहिली आहे, ती आधी कळवावी.